शिबिरानंतरचे काम: ग्रामीण धर्मादाय आरोग्य तपासणीचा धाटावच्या संदर्भात आढावा

आरोग्य शिबिर हे महाराष्ट्राच्या ग्रामीण सार्वजनिक जीवनाचे इतके परिचित अंग झाले आहे की त्याची वेगळी व्याख्या करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. तथापि एकाच मांडवाखाली चालणाऱ्या कामांमध्ये निदान तीन भिन्न प्रकृतीची कामे मिसळलेली असतात आणि ती तिन्ही एका मापाने मोजता येत नाहीत. पहिले काम चाळणी तपासणीचे, म्हणजे ज्यांना कोणताही त्रास जाणवत नाही अशा लोकांमधून एखाद्या रोगाचा संभव असलेल्यांना सोप्या चाचणीने वेगळे काढण्याचे. दुसरे, अंगावर दुखणे काढत राहिलेल्या रुग्णांना तज्ज्ञ डॉक्टर गावातच भेटवून देण्याचे, ज्याला तात्पुरता बाह्यरुग्ण विभाग म्हणणे अधिक योग्य ठरेल. आणि तिसरे, व्याख्याने, फलक व पत्रके यांच्याद्वारे आरोग्यविषयक माहिती पोहोचवण्याचे. आयोजकांच्या अहवालात मात्र ही तिन्ही कामे ‘लाभार्थी’ या एकाच रकान्यात जमा होतात, आणि ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन कमी निघाले ती, ज्या वृद्धाला चष्मा मिळाला तो आणि ज्याने केवळ व्याख्यान ऐकले तो, हे सर्व त्या बेरजेत सारखेच भरतात.

रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यातील धाटाव हे गाव या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयुक्त आहे. रोहा-कोलाड मार्गावरील हा परिसर कुंडलिका नदीच्या खोऱ्यात येतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथे १९२७ मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यामुळे ही नदी कोकणातील बहुतेक नद्यांप्रमाणे उन्हाळ्यात आटत नाही, आणि या बारमाही पाण्याच्या आधारे एकीकडे डोलवहाळ बंधाऱ्याच्या कालव्यांवरील शेती, तर दुसरीकडे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची धाटाव येथील रासायनिक वसाहत उभी राहिली. रंगद्रव्ये, औषधी द्रव्ये, शेतीरसायने आणि अन्य रसायनांसाठी लागणारी मध्यस्थ द्रव्ये येथे तयार होतात; सुदर्शन केमिकल, दीपक नायट्राइट, एक्सेल, युनिकेम अशा कंपन्यांचे कारखाने येथे आहेत. परिणामी काही किलोमीटरच्या टापूत कारखान्यांतील कायम कामगार, कंत्राटी कामगार, भातशेती करणारी गावे आणि कातकरी-ठाकूर समाजाच्या वाड्या असे आरोग्याच्या दृष्टीने अगदी वेगळे समूह शेजारी शेजारी नांदतात. कायम कामगाराला कंपनीचा डॉक्टर किंवा कर्मचारी राज्य विमा असतो. वाडीवरच्या कातकरी स्त्रीला गावात येणारी आशा सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्र एवढाच आधार असतो.

औद्योगिक वसाहतीच्या सान्निध्याचा शिबिरांवर थेट परिणाम कायद्यामार्फत होतो. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ नुसार, जी कंपनी निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठते, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावयाची असते, आणि ती करताना कंपनीचे काम चालते त्या स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावयाचे असते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आली. आरोग्यसेवा हा या खर्चाचा मान्य विषय असल्यामुळे, आणि शिबिर हे वर्षअखेरीपूर्वी पार पाडता येणारे, छायाचित्रांत नीट दिसणारे व हिशेबाला सोपे काम असल्यामुळे, उद्योगांचा ओढा त्याकडे असणे स्वाभाविक आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ मधील परिपत्रकात मॅरेथॉन, पुरस्कार, प्रायोजकत्व यांसारखे एकदाच होणारे कार्यक्रम या खर्चात धरले जाणार नाहीत, हा खर्च प्रकल्प किंवा कार्यक्रमाच्या स्वरूपातच व्हावा, असे स्पष्ट केले होते. त्या परिपत्रकाच्या भावनेनुसार पाहिले तर एका दिवसाच्या सुट्या शिबिराचे समर्थन करणेही अवघड आहे. उद्योगांखेरीज रोटरी व लायन्स क्लब, धार्मिक व सामाजिक प्रतिष्ठाने, गणेशोत्सव मंडळे, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे आयोजक, पनवेल-नवी मुंबईकडील रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये असे इतर कर्ते पेण-रोहा पट्ट्यात आणि एकूणच कोकणात असतात, आणि त्यांच्यात कोणी कोणत्या गावी काय तपासले याची परस्परांना खबर क्वचितच असते.

या कामाचा महाराष्ट्रातील पूर्वेतिहास आजच्या शिबिरांपेक्षा अधिक शिस्तीचा होता, ही गोष्ट सहसा विसरली जाते. वर्धा येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वारदेकर यांनी जी पद्धत बसवली तिचे तीन भाग होते: घरोघर जाऊन पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार. ठरावीक लोकसंख्येचा प्रदेश एका प्रशिक्षित निमवैद्यकीय कामगाराकडे सोपवायचा, त्याने प्रत्येक घरातील प्रत्येक माणसाची त्वचा पाहायची, चट्टा आढळलेल्याला डॅप्सोनच्या गोळ्या सुरू करायच्या, आणि त्या गोळ्या नियमाने घेतल्या जातात की नाही हे पुढील वर्षानुवर्षे पाहत राहायचे, असा तिचा क्रम होता. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. येथे तपासणी, जागृती आणि उपचार या तीन गोष्टी एकाच माणसाच्या हाती बांधलेल्या होत्या. ज्याने रोग शोधला त्यालाच रोग्याच्या दारी पुन्हा जावे लागे. नंतरच्या काळात ही बांधणी सुटत गेली आणि शोधणारा एक, सांगणारा दुसरा व औषध देणारा तिसरा अशी विभागणी झाली.

‘शिबिर’ या पद्धतीवर दुसरा आणि पुष्कळसा डागाळलेला संस्कार कुटुंबनियोजनाचा आहे. केरळातील एर्नाकुलम येथे १९७०-७१ मध्ये पुरुष नसबंदीची प्रचंड शिबिरे भरली आणि त्यांचे अनुकरण देशभर झाले. आणीबाणीच्या काळात उद्दिष्टांचा दबाव इतका वाढला की महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले, जे राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्यामुळे कायदा होऊ शकले नाही. छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये नसबंदी शिबिरानंतर झालेल्या स्त्रियांच्या मृत्यूंनंतर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये, देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निर्णय देताना, अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. एका दिवसात किती, हा प्रश्न कोणाला कसे, या प्रश्नापेक्षा मोठा होऊन बसतो तेव्हा काय घडते याचे हे टोकाचे उदाहरण होय. पण आकड्यांची ती सवय सौम्य रूपात आजच्या रक्तदाब-साखरेच्या शिबिरांतही उतरलेली आहे.

डोळ्यांची शिबिरे हा या इतिहासातील सर्वांत यशस्वी भाग म्हणावा लागेल, आणि ते यश का मिळाले हे समजून घेतल्यास बाकीच्यांचे अपयशही उलगडते. सुरुवातीच्या काळात शाळेत किंवा धर्मशाळेतच मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होत. जंतुसंसर्गाने डोळे गमावल्याच्या घटना घडल्यावर ही रीत मागे पडली आणि गावात केवळ तपासणी करून निवडलेल्या रुग्णांना मूळ रुग्णालयात नेण्याची पद्धत रूढ झाली. मदुराई येथे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ती सर्वांत काटेकोरपणे राबवली: जागा, प्रसिद्धी व स्वयंसेवक स्थानिक संस्थेचे, वैद्यकीय काम रुग्णालयाचे, आणि निवडलेला रुग्ण शक्यतो त्याच दिवशी बसने रुग्णालयात, जेवण-राहण्याच्या सोयीसह. रायगडात नवीन पनवेलचे शंकरा नेत्र रुग्णालय आणि पनवेलचे लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट यांचे ग्रामीण काम साधारण याच वळणाचे आहे. मोतीबिंदू हा शिबिराला जणू बेतून दिलेला रोग आहे, कारण तो टॉर्च व दृष्टीतक्ता यांनी ओळखता येतो, एका शस्त्रक्रियेने सुटतो, आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागत नाहीत, आणि दृष्टी परत आलेली म्हातारी घरी परतली की शेजारपाजारची चार माणसे पुढच्या वेळी आपण होऊन येतात.

असे असूनही अरविंदच्या परिसरात १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात हे दिसून आले की ज्यांना नेत्रसेवेची गरज होती त्यांपैकी सुमारे ७ टक्केच लोक शिबिराला आले होते. उरलेले का आले नाहीत याची कारणे विचारली तेव्हा ती औषधाशी कमी आणि घराशी अधिक निगडित निघाली: सोबत यायला कोणी नाही, रोज बुडतो, भीती वाटते, थोडेफार दिसते तेवढ्यावर भागते. देशातील सर्वोत्तम शिबिरव्यवस्थेची ही मजल असेल, तर फलक लावून दवंडी पिटणाऱ्या एका दिवसाच्या शिबिराला किती लोक येत असतील याचा अंदाज बांधता येतो.

चाळणी तपासणीच्या शास्त्राचा पाया १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या विल्सन आणि युंगनर यांच्या पुस्तिकेत घातला गेला. त्यांनी मांडलेल्या दहा तत्त्वांपैकी अनेक तत्त्वे चाचणीच्या पलीकडची आहेत: सापडलेल्या रोगावर मान्य उपचार असावा, निदान व उपचाराच्या सोयी उपलब्ध असाव्यात, आणि रोगी शोधणे ही एकदाच करण्याची मोहीम नसून सतत चालणारी प्रक्रिया असावी. चाचणी कितीही चांगली असली तरी तिच्या दोन मर्यादा असतात. रोग असलेल्यांपैकी किती जणांना ती अचूक पकडते याला संवेदनक्षमता म्हणतात, आणि रोग नसलेल्यांपैकी किती जणांना ती अचूक सोडून देते याला विशिष्टता. समजा १,००० लोकांपैकी १० जणांना एखादा रोग आहे आणि चाचणीची संवेदनक्षमता व विशिष्टता दोन्ही ९० टक्के आहेत. तर १० पैकी ९ रोगी सापडतील, एक निसटेल, आणि निरोगी ९९० पैकी ९९ जणांवर विनाकारण संशयाचा शिक्का बसेल. म्हणजे ‘दोष आढळला’ असे ज्या १०८ जणांना सांगितले गेले त्यांपैकी खरे रोगी केवळ ९. या ९९ जणांची पुढील तपासणी कोण करणार, त्यांचा प्रवासखर्च व बुडालेली मजुरी कोण भरणार, आणि तोवर त्यांच्या घरात जी धास्ती राहील तिचे काय, हे प्रश्न चाचणीपूर्वीच सोडवलेले असावे लागतात. विकसित देशांतील प्रौढांच्या सरसकट आरोग्य तपासणीवरील प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१२ व २०१९ मध्ये घेतला, तेव्हा अशा तपासण्यांनी एकूण मृत्यू कमी होत नाहीत असाच निष्कर्ष निघाला. रोह्याच्या ज्या वाडीवर पन्नाशीच्या स्त्रीचा रक्तदाब आयुष्यात एकदाही मोजलेला नसतो तेथे हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही हे खरे. पण मोजणे म्हणजेच उपकार, ही समजूत सोडून द्यायला तो पुरेसा आहे.

या बाबतीत महाराष्ट्राला बाहेरच्या पुराव्याकडे पाहण्याची फारशी गरज नाही, कारण जगातील काही सर्वांत महत्त्वाचे प्रयोग याच राज्यात झाले आहेत. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली, आणि त्या नोंदणीच्या आधारावर शेजारच्या तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ च्या सुमारास गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा प्रयोग हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे ५२ गावसमूहांनुसार चार गट केले गेले: एका गटात मानवी पॅपिलोमा विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी केलेली पाहणी आणि चौथ्यात नेहमीची सेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषाणूचाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. पण ॲसेटिक ॲसिडच्या एकाच फेरीने मृत्यूंमध्ये लक्षणीय घट झाली नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारकाच्याच डॉ. सुरेंद्र शास्त्री व सहकाऱ्यांनी ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात हीच स्वस्त पद्धत, दहावी शिकलेल्या व चार आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांकडून, दर दोन वर्षांनी चार वेळा राबवली गेली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दोन्ही प्रयोगांतील स्त्रिया, वस्ती व काळ भिन्न असल्याने तुलना जपूनच केली पाहिजे. तरीही तेच द्रावण एकदा लावल्याने फरक दिसला नाही आणि चार फेऱ्यांत दिसला, ही बाब शिबिरांच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुंबईच्या तुलनागटातील स्त्रियांनाही सुरुवातीला कर्करोगाविषयी माहिती दिली गेली होती. एकदा दिलेले जागृतीचे व्याख्यान हे त्या प्रयोगात उपचाराच्या बाजूला नव्हतेच. ते तुलनेच्या बाजूला होते.

तुलनागटातील स्त्रियांना तपासणीपासून दूर ठेवणे योग्य होते काय, असा आक्षेप या दोन्ही प्रयोगांवर घेतला गेला आणि तो सहज निकालात काढण्याजोगा नाही. त्या स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या मृत्यूंमधूनच उरलेल्यांना हा पुरावा मिळाला आहे. त्या पुराव्यानंतरही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधी ना कधी झालेली आढळली. शिबिरांत ही तपासणी क्वचितच होते, कारण तिला पडदा, टेबल, उजेड, पाणी आणि विश्वासातील स्त्री कर्मचारी लागते, तर शाळेच्या वर्गात टेबल मांडून रक्तदाब मोजायला यांपैकी काहीच लागत नाही. शिबिरात काय तपासले जाते हे बहुतेक वेळा गावाच्या गरजेपेक्षा मांडवाच्या सोयीवर ठरते. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांमधील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले होते की ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्यांपैकी पूर्वी कधी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या; त्या कामाआधी गावाशी दीर्घ संबंध जोडलेला होता, म्हणूनच त्या स्त्रिया तपासणीला तयार झाल्या.

रक्तदाब व मधुमेह यांच्याबाबत तर शिबिराची मर्यादा अधिकच स्पष्ट होते. वाट चालून आलेल्या, रांगेत ताटकळलेल्या माणसाचा एकदाच मोजलेला रक्तदाब हे निदान नव्हे. वेगवेगळ्या दिवशी किमान दोनदा तो १४०/९० च्या वर भरावा लागतो. बोटातून घेतलेल्या थेंबावरची साखर १४० मिलिग्रॅमच्या वर गेली तर पुढील तपासणीस पाठवायचे, एवढाच तिचा अर्थ असतो. निदान पक्के झाले तरी पाच-दहा दिवसांच्या गोळ्या हातात देऊन रुग्णाला घरी पाठवणे याला उपचार म्हणता येत नाही. त्याने उलट असा समज पसरतो की गोळ्या संपल्या म्हणजे रोग संपला. याच्या नेमकी उलट रीत २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची आहे, ज्यात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे आरंभी घेतले गेले. तेथे मोजमाप किती जणांचे केले यापेक्षा नोंदलेल्या रुग्णांपैकी किती जणांचा रक्तदाब या तिमाहीत १४०/९० च्या खाली आहे, हा एकच आकडा पाहिला जातो. औषधांचा क्रम साधा व ठरलेला, गोळ्या महिनाभराच्या, आणि न आलेल्या रुग्णाला फोन. दुसरीकडे ३० वर्षांवरील प्रत्येकाची नोंद आशा सेविकेने घरोघरी जाऊन करण्याची शासकीय योजना २०१७ पासून देशभर आहेच. त्यामुळे धाटावसारख्या ठिकाणी एकाच माणसाची साखर आशाताई, कंपनीचे शिबिर आणि वाढदिवसाचे शिबिर अशी तीनदा मोजली जाते आणि गोळ्यांचा साठा मात्र एकाच ठिकाणी, तोही कधी असतो कधी नसतो, अशी स्थिती संभवते.

कोण येतो, या प्रश्नाला रायगडात ऋतूंचे उत्तर आहे. जून-जुलैमध्ये लावणी आणि ऑक्टोबरात कापणी-झोडणी यांमुळे शेतकरी मोकळा नसतो, म्हणून शिबिरांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन मार्चअखेरीस, म्हणजे हिशेबी वर्षाच्या शेवटी, भरात येतो. नेमक्या याच महिन्यांत कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर गेलेली असतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटात ज्या समाजाची गणना केली आहे आणि ज्याच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मधील जनमन अभियानात फिरत्या वैद्यकीय पथकांची तरतूद आहे, तोच समाज शिबिराच्या दिवशी वाडीवर नसतो. वाडीवर उरलेल्या म्हाताऱ्यांची तपासणी करून ‘आदिवासी वाडीत शिबिर संपन्न’ अशी बातमी देता येते. ऑगस्टमधील पावसात चिखलाच्या वाटेने जाणारे किंवा जानेवारीत थेट भट्टीवर पोहोचणारे पथक छायाचित्राला अडचणीचे, पण रक्तक्षयाच्या दृष्टीने त्याचेच मोल अधिक आहे. राज्यात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी असल्याचे उपर्युक्त कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदले गेले आहे. अशा कामाला लागणारी, एकाच गावी त्याच माणसांनी पुन्हा पुन्हा जाण्याची शिस्त रोह्याला अपरिचित नाही: याच गावी १९२० मध्ये जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय परिवाराची भक्तिफेरी, तिचा हेतू वैद्यकीय नसला तरी, ठरलेल्या गावी स्वखर्चाने नेमाने जाण्यावर उभी आहे.

जागृतीच्या संदर्भात याच जिल्ह्यातील एक उदाहरण नेहमीच्या कल्पनेला छेद देते. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने मरणाऱ्या रुग्णांची रात्रंदिवस निरीक्षणे करून त्यातील हृदयावरच्या परिणामांचा क्रम मांडला, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाने मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आणता येते हे दाखवले. यात ग्रामस्थांना कळण्याची गोष्ट छोटी होती: मांत्रिकाकडे वेळ न दवडता दवाखाना गाठणे. शिकण्याचे मोठे काम कोकणभरच्या डॉक्टरांचे होते. जागृती म्हणजे शहाण्यांनी अडाण्यांना सांगणे, या गृहीतकावर चालणाऱ्या व्याख्यानांपेक्षा भातखाचरात अनवाणी उतरणाऱ्या माणसाला ताप व अंगदुखी आल्यास लेप्टोस्पायरोसिसची शंका घेणारा डॉक्टर जवळ असणे, आणि विंचू-सापाच्या दंशावरची औषधे रात्रीही मिळणारे केंद्र कोणते ते वाडीला ठाऊक असणे, यांनी अधिक जीव वाचतात.

शिबिरांची एक काळी बाजूही आहे. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत संलग्न रुग्णालयांनी ग्रामीण भागात मोफत शिबिरे घ्यावीत अशी अपेक्षाच असते. हेतू चांगला, परंतु शिबिरात सापडलेला रुग्ण हा रुग्णालयासाठी विमादाव्याचे उत्पन्नही असतो. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील बोरीसणा गावात नोव्हेंबर २०२४ मध्ये भरलेल्या शिबिरानंतर १९ जणांना अहमदाबादेत नेण्यात आले, त्यांपैकी सात जणांच्या हृदयात स्टेंट बसवले गेले आणि दोघे दगावले. त्यावरून गुन्हे दाखल झाले. तळहातात धातूची दांडी धरायला देऊन सर्व अवयवांचा छापील अहवाल काढणारी यंत्रे तर कोणत्याही शास्त्रीय आधाराविना बाजारगावांत फिरतात. त्यामानाने सोनोग्राफीवर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचे आणि सुया-कापसासारख्या कचऱ्यावर २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांचे, ज्यांत शिबिरांचाही समावेश आहे, बंधन आहे.

धाटावच्या बाबतीत मात्र सर्वांत मोठी उणीव शिबिरे काय करतात यात नसून कोणता प्रश्न विचारत नाहीत यात आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात जोडलेल्या प्रकरणानुसार धोकादायक प्रक्रियेच्या ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकाची कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर बारा महिन्यांच्या आत पुन्हा वैद्यकीय तपासणी व्हावी, तिच्या नोंदी ठेवल्या जाव्यात आणि कामगाराला त्या पाहता याव्यात, असे बंधन आले. कंत्राटदारामार्फत आलेला माणूसही त्या अधिनियमाच्या व्याख्येत कामगारच होता. कारखाने अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या कामगार संहितेतही विहित वर्गांच्या मोफत वार्षिक तपासणीची तरतूद आहे. ही तपासणी मालकाचे कर्तव्य आहे, धर्मादाय नव्हे, आणि तिचा विषय सामान्य शिबिरापेक्षा वेगळा असतो: श्वासाची क्षमता मोजणारी चाचणी, त्वचेची पाहणी, नायट्रो व अमिनो संयुगांशी संबंध येत असल्यास रक्तातील मेथहिमोग्लोबिन, सेंद्रिय फॉस्फरस संयुगांशी येत असल्यास कोलिनेस्टरेज हे विकर. कारखान्याच्या कुंपणाबाहेर, ज्या गावांना त्याच नदीचे पाणी आणि त्याच वसाहतीवरून येणारा वारा मिळतो, तेथे अशा तपासणीचे कायदेशीर बंधन कोणावर नाही. आणि तीच पोकळी भरण्याची संधी २ टक्क्यांच्या निधीला आहे. तेथे साखर व रक्तदाब मोजून परतणारे शिबिर अन्य कोणत्याही तालुक्यात भरले असते तरी चालले असते.

अशा पाहणीला मांडवाची गरज फार थोडी आणि यादीची फार मोठी असते. निवडलेल्या काही गावांतील तीच कुटुंबे, दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच उपकरणाने तपासली गेली, आणि तुलनेसाठी वसाहतीपासून दूरचे एखादे गावही घेतले गेले, तरच श्वासक्षमता घटते आहे की नाही हे सांगता येईल. कंपनीने खर्च करावा, मोजमाप वैद्यकीय महाविद्यालयाने करावे आणि नोंदी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे राहाव्यात, ही विभागणी निष्कर्षांवरचा विश्वास टिकवण्यासाठी आवश्यक आहे, कारण ज्याच्या धुराड्याविषयी प्रश्न आहे त्याच्याच कपाटात उत्तर ठेवणे कोणालाच पटणार नाही. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत ही व्यवस्था विशेष निकडीची आहे: कंत्राटदार बदलला की त्याचा कारखाना, प्रवेशपत्र आणि तपासणीची फाईल बदलते, घर मात्र तेच राहते, त्यामुळे आयुष्मान भारतच्या १४ अंकी आरोग्य खात्याला जोडून त्याची नोंद गावच्या उपकेंद्राच्या यादीत लागली, तरच त्याची यंदाची श्वासचाचणी मागील वर्षीच्या चाचणीशेजारी ठेवून वाचता येईल.